नरक मनातच असतो म्हणे

गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्त्याला बाहेरून एक प्रवचनकार आणले होते. बोलणं गोड, आवाज कमावलेला, मधूनच मांडीवर थाप मारून हसवायची हातोटी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "स्वर्ग वर नाही आणि नरक खाली नाही. दोन्ही इथं आहेत," आणि छातीवर बोट टेकवलं. "मन बदला, नरकाचा स्वर्ग होतो." सभामंडपात माना डोलल्या. माझ्या पुढ्यात, दोन हातांवर, खांबाला टेकून आमची काकी बसली होती. तिची मान हलली नाही. शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, "ह्येका सांगूक काय जाता? माझ्या घरात एक रात एकटो ऱ्हवान बघ म्हणा तेका."

शेजारीण हसली, मीही हसलो. पण तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकमेकांशी भांडतायत.

प्रवचनकारांचं वाक्य मला खोटं वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते खरं आहे, आणि माझ्याच घरात मी ते खरं होताना बघितलंय. माझं म्हणणं एवढंच, की हे वाक्य माणसानं स्वतःला सांगायचं असतं. स्वतःशी म्हटलं तर ते औषध आहे. दुसऱ्याच्या तोंडावर म्हटलं की त्याचा अर्थ होतो: तुझं तू बघ. आणि हल्ली ते दुसऱ्यालाच फार सांगितलं जातं. सप्त्यात, शाळेच्या कार्यक्रमात, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये, आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर, सूर्योदयाच्या चित्राखाली.

कल्पना जुनीच आहे. 'स्वर्गकामो यजेत', ज्याला स्वर्ग हवा त्यानं यज्ञ करावा, या विधीचा अर्थ लावताना मीमांसकांपुढे, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांपुढे, प्रश्न आला की स्वर्ग ही वस्तू आहे की भावना. तलम रेशमी वस्त्रं, चंदन, तरुण स्त्रिया यांनाच लोक स्वर्ग म्हणतात, मग त्या वस्तू म्हणजेच स्वर्ग समजायचा का? शबरस्वामींच्या भाष्यात हा वाद आहे आणि त्याचा निकाल असा लागलाय की स्वर्ग म्हणजे प्रीती, म्हणजे सुख. वस्तू हे त्याचं साधन. पुढे एक व्याख्याही रूढ झाली: ज्यात दुःखाची भेसळ नाही, जे मागाहून नासत नाही आणि इच्छा होताच जे मिळतं, त्या सुखाचं नाव स्वर्ग. (आमचा देवगडचा हापूस या तिन्ही अटींत नापास. मोहोरापासून फवारणीचं बिल, फळ कापल्यावर आत साका, म्हणजे बिघडलेला पांढरट गर, आणि इच्छा होताच तो मिळतो फक्त वानरांना.)

नरकांचं तसंच. मनुस्मृतीत २१ नरक मोजलेत, भागवतात २८. चिपळूणजवळ जन्मलेले पां. वा. काणे आयुष्यभर धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत बसले, त्यांनी पाप, प्रायश्चित्त आणि श्राद्ध यांच्याबरोबर या नरकांचाही हिशेब मांडून ठेवलाय. पण गीतेच्या सोळाव्या अध्यायानं यादी सोडून सरळ दारांचाच पत्ता दिला: काम, क्रोध आणि लोभ. दारं माणसाच्या आत म्हटल्यावर घर बाहेर कुठून असणार?

आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माजघरात समईपुढं गरुडपुराण लावलं होतं. पाप्यांना उकळत्या तेलात टाकतात हे ऐकताना मी आईच्या पदराआड सरकायचो. सुतकात घरात तळण करत नाहीत. त्या दिवसांत आमच्या घरात उकळतं तेल होतं ते फक्त पोथीत. वैतरणी ओलांडायला गाय दान द्यावी लागते हे कळल्यावर मी गोठ्यात जाऊन आमच्या गायीकडे बघून आलो, आता ही जाणार की काय. मोठा झालो, मुंबईत २२ वर्षं नोकरी करून परत आलो, तो तेलाचा नरक काही कधी दिसला नाही. दुसरा दिसला. तो आमच्या घराच्या दक्षिणेला होता आणि त्याची उंची कमरेएवढी होती.

गडगा म्हणतात त्याला. घाटावरच्यांसाठी सांगतो, चुना-सिमेंट न लावता नुसते चिरे आणि दगड रचून केलेली हद्दीची भिंत. आमच्या गडग्यापलीकडे काका राहायचे, वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. आजोबांमागं जमीन तोंडी वाटली गेली, सातबारावर मात्र सामायिकच राहिली. आज त्या उताऱ्यावर ३४ नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं वारलीत, आणि चार-पाच अशी आहेत की आपलं नाव तिथं आहे हे त्यांना ठाऊकही नसावं. गडग्याच्या मधोमध फणस होता. खोड आमच्या बाजूला कललेलं, फळं त्यांच्या अंगणात पडणारी. जातीचा कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा. २००२ साली काकांनी फणसाखालचा गडगा हातभर इकडे सरकवला असं वडिलांचं म्हणणं. वडिलांनीच तो आधी हातभर तिकडे नेला होता असं काकांचं. दावा पडला. त्यानंतर १९ वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही.

या १९ वर्षांत नरक म्हणजे काय ते मी रोज सकाळी बघत होतो. वडील चहाचा कप घेऊन आधी मागच्या पडवीत जात आणि गडग्याकडे टक लावून उभे राहत. रात्रीत एखादा चिरा हलला की काय. समोर सड्यावर, कातळाच्या माळावर, ऊन उतरत असायचं, माडांच्या झावळ्या चमकत असायच्या, लोक पैसे मोजून बघायला येतात ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं फुकट पसरलेलं असायचं. त्यांना दिसायचे ते दगड. फणस पिकला की वास दोन्ही घरांत शिरायचा आणि दोन्ही घरांची दारं लागायची. नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही तुळशीपुढं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट, ते छोटं कडू फळ, फोडतो, 'गोविंदा, गोविंदा' म्हणून ओरडतो. आमच्या अंगणात कारीट फुटायचं, त्याच घटकेला गडग्यापलीकडेही फुटायचं. दोन्हीकडे नरकासुर मेला. पोहे खाऊन उजाडलं की वडील कप घेऊन पडवीत हजर.

कुणी त्यांना तेलात टाकलं नव्हतं. घरात अन्न होतं, बाग होती, दार उघडलं तर भाऊ होता. ज्या हातभर जागेसाठी हे चाललं होतं तिच्यात फार तर चार केळी लागल्या असत्या. इथं प्रवचनकारांचं वाक्य अक्षरशः खरं आहे. एकदा न राहवून मी ते वडिलांना ऐकवलं देखील. म्हटलं, बाबा, हा सगळा त्रास त्या गडग्यात नाही, तुमच्या मनात आहे. त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "जागो तुझ्या नावार झालो काय मगे कळात तुका."

म्हणजे वाक्य शंभर टक्के खरं असूनही दुसऱ्याच्या तोंडून लागू पडलं नाही. त्यांचं बरोबरच होतं म्हणा. मी शहाणा होतो तो माझं काही पणाला लागलेलं नव्हतं म्हणून.

मग १६ मे २०२१ चा रविवार उजाडला. तौक्ते चक्रीवादळ आमचा किनारा घासत उत्तरेला चाललं होतं. झाडावरचा उरलासुरला आंबा सकाळीच खाली आला. दुपारी फणस मुळासकट उपटला आणि गडग्यावर आडवा झाला, शेंडा आमच्या पडवीच्या कौलांवर. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. संध्याकाळी वारा जरा उतरला तेव्हा काका आले. गडगा जिथं फुटला होता त्या खिंडारातून आले, हातात कोयता. कुणाशी बोलले नाहीत, फांद्या तोडायला लागले. वडील उठले, आपला कोयता घेऊन दुसऱ्या बाजूनं सुरू झाले. एक ७६ चा, एक ७२ चा. अंधार पडेपर्यंत दोघं एकाच झाडाच्या फांद्या तोडत होते आणि चिकानं हात काळे झाले होते. आईनं चहा दिला. काकांनी उभ्यानं घेतला, कप विसळून पालथा घातला आणि आले तसे गेले.

मला वाटलं, सुटलो. सिनेमात असता तर इथंच सुटलो असतो. पंधरा दिवसांनी प्रश्न निघाला की लाकूड कुणाचं. फणसाचा एवढा सोट, आतला पिवळा गाभा, कुठल्याही सुतारानं हात फिरवावा असा. वकील म्हणाले, हात लावू नका. तो सोट पडला तिथंच आजही पडून आहे, पावसाळ्यात त्याच्यावर अळंबी उगवते. खिंडारही तसंच, कारण जो पहिला चिरा रचील त्यानं हद्द कबूल केल्यासारखं होईल. ज्या झाडावरून दावा पडला ते झाड पडलं, दावा उभा आहे.

२०२२ च्या श्रावणात काका गेले. वडिलांनी खांदा दिला. भावाचं सुतक दोन्ही घरांना आलं. सुतक वाटून घ्यायला सातबारा लागत नाही. ते फिटल्यावर वडील पुन्हा कप घेऊन पडवीत उभे. पलीकडे आता बघायला कुणी नव्हतं, तरी बघत होते.

आणि इथून गोष्ट काकीची होते, तिथं प्रवचनकारांचं वाक्य मला अडायला लागतं.

सात खणांचं घर, माणूस एक. मुलगा नालासोपाऱ्याला, मुलगी पनवेलला दिलेली. काका गेल्यावर तिची झोप गेली. रात्रभर पडवीतला दिवा जळायचा, आमच्या न्हाणीघरातून दिसायचा. वाशावर काही खुडबुडलं की ती उठून बसायची ती उजाडेपर्यंत. जेवण तुटलं, पेज तेवढी घशाखाली जायची. गाव धावून आला, खोटं कशाला सांगू. देवळात कौल लावला, बाहेरचं काही नाही असा निघाला. मग सुरू झालं: मन घट्ट कर गो बाय. देवाचं नाव घे. कशात तरी मन रमव. तुका काय कमी आसा? एकानं सुचवलं, "रत्नागिरीक न्हेवन दाखवा." हे ऐकल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. राज्यातल्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. ठाण्याचं, येरवड्याचं नाव जसं तिकडे शिवी म्हणून वापरतात तसं आमच्याकडे रत्नागिरीचं. उपचाराच्या जागेचंच भय घालून ठेवल्यावर माणूस उपचाराला जाणार कसा?

शेवटी मुलगा रजा काढून आला आणि तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. चिठ्ठी लिहिताना डॉक्टर म्हणाले, रात्री घरात कुणीतरी असू द्या. त्या दिवसापासून माझ्या दोन मुली पाळीपाळीनं तिच्याकडे झोपायला जातात. दोनेक महिन्यांत दिवा विझायला लागला. गुण गोळीचा की मुलींचा, हे मला विचारू नका, मला वाटतं दोन्हींचा. मन घट्ट करण्याचा नव्हे, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. मन तिनं आधीच इतकं घट्ट धरलं होतं की त्यातच ते फाटत आलं होतं.

कुणी म्हणेल, पण दुखत होतं ते मनच ना? हो, मनच. फक्त ते हवेत तरंगणारं मन नव्हतं. सात खणांच्या घरात, सड्याखालच्या वाडीत, रस्त्यापासून ४० पायऱ्यांच्या पाखाडीवर राहणारं मन होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क ठरवलाय. काकी आणि हक्क यांच्यामध्ये दोन एसट्या आहेत, दुसरी मिळेल याची खात्री नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारनं टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा सुरू केली; १४४१६ फिरवला की दिवसा-रात्री कधीही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. चांगली सोय आहे, हा क्रमांक वाचणाऱ्यांनी लिहून ठेवावा. पण तिच्या घरात रेंज मिळते ती मागल्या दारी, न्हाणीच्या पायरीवर. रात्री अडीचला, आषाढातल्या पावसात, सत्तरीची बाई त्या पायरीवर उभी राहून आपलं मन कुणाला सांगणार?

आणि ही काकी एकटी नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीवर वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका मोजल्या गेल्या. पुरुष गेले कुठं ते कोकणात कुणाला सांगायला नको. त्या आकड्यांच्या आत अशी किती घरं असतील, जिथं रात्री एकच दिवा जळतो. या सगळ्यांना मन बदलायला सांगायचं असेल तर आधी त्यांच्या दारात जाऊन एकदा रात्र काढली पाहिजे. काकीची अट रास्त होती.

याच कोकणाला स्वर्ग म्हणतात, हीही गंमतच. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आता आमच्या वाडीतही दोन होमस्टे आहेत. पाहुणे आंबोळी खातात, समुद्राकडे बघतात आणि म्हणतात, स्वर्ग आहे हो तुमचं गाव. ते खोटं बोलत नाहीत. दोन दिवस त्यांचं मन खरंच स्वर्गात असतं. गणपतीला येणारे आमचे चाकरमानी तर त्याहून. 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति' असं गीतेत आहे, पुण्य सरलं की मर्त्यलोकी परत. इथं पुण्य म्हणजे रजा. ती सरली की २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या त्या महामार्गाची वैतरणी ओलांडून मंडळी मुंबईला, आणि ज्यांची रजा कधीच सुरू झाली नव्हती आणि संपणारही नाही, ती इथं.

माझ्यावर असाही आक्षेप येईल की तुम्ही मनाची सगळी जबाबदारी समाजावर टाकताय. समाजाबद्दल माझं काही फार गोड मत नाही. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकर, म्हणजे गावचा मानकरी, 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो, लेकराबाळांचं, गुराढोरांचं, मुंबईला गेलेल्यांचं, सगळ्यांचं रक्षण मागतो आणि प्रत्येक मागणीला सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्यात 'माझं मन शांत कर' असं कुणी मागत नाही. शिकलेली माणसं याला सकाम भक्ती म्हणून नाक मुरडतात. मला मात्र वाटतं, मन कशाकशावर टेकलेलं असतं याची यादी त्या गावकराला आपल्यापेक्षा नीट पाठ आहे. पण थांबा. त्याच देवळाच्या अंगणात शिमग्याची पालखी कुणी उचलायची आणि कुणाच्या दारात ती जाणार नाही हेही ठरतं. 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्या आवाजांतूनच कोकणात घरं वाळीत टाकली गेलीत. विहिरीवर पाणी नाही, दुकानात माल नाही, मयताला माणूस नाही. रायगड जिल्ह्यातून अशी प्रकरणं एकामागून एक पुढं आली, आणि महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. तो २०१७ च्या जुलैत लागू झाला. गुन्हा शाबीत झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नरक फक्त मनात असता तर या कायद्याची गरज काय होती? वाळीत टाकलेल्या घराला कुणी हात लावत नाही. भिंती जागेवर, छप्पर जागेवर, चूल पेटते. बदललेलं असतं ते एवढंच की शेजारी बघत नाहीत. म्हणजे तो नरक मनातच असतो, पण तिथं तो दुसऱ्यांनी नेऊन ठेवलेला असतो. त्या घरातल्या माणसाला छातीवर बोट टेकवून उपदेश करणाऱ्याला मी तरी संत म्हणणार नाही.

या बाबतीत मला पटतो तो युधिष्ठिर. महाभारताच्या अगदी शेवटी, स्वर्गारोहण पर्वात, तो स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन मानानं बसलेला. भाऊ कुठं म्हणून विचारल्यावर देवदूत त्याला घाणीच्या, किड्यांच्या, काळोख्या वाटेनं घेऊन जातो. दुर्गंधीनं हैराण होऊन युधिष्ठिर परत फिरतो तेव्हा अंधारातून आवाज येतात: जरा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतंय. तो विचारतो, कोण तुम्ही? मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. तेव्हा तो दूताला सांगतो, तू जा, मी इथंच राहणार.

आता यातली मौज बघा. तो नरक खरा नव्हता. इंद्रानं उभी केलेली ती माया होती, घटकाभरानं विरून गेली. आपल्या प्रवचनकारांच्या भाषेत तो नरक निव्वळ मनातला होता. पण युधिष्ठिरानं भावांना 'तुमचं दुःख हा भास आहे' असं सांगितलं नाही. धर्मराज म्हणवणाऱ्याला तेवढं तत्त्वज्ञान येत नव्हतं असं थोडंच आहे. आपण उभे राहिलो तर त्यांना वारा लागतो, एवढंच त्यानं बघितलं आणि उभा राहिला.

मला असं उभं राहता येतं का, तर नाही. एक प्रसंग सांगतो, तो सांगायची लाज वाटते. गेल्या मार्चमध्ये तारखेला गेलो होतो. काका गेल्यामुळे वारस म्हणून काकीचं नाव दाव्यात लागलंय. आता माझे वडील विरुद्ध ती. बोलता बोलता मी वकिलांना म्हटलं, मुली रात्री तिच्याकडे झोपायला जातात, खिंडारातूनच जातात, रस्त्यानं वळसा पडतो. वकील एकदम सावरून बसले. म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या. रोज जाऊ द्या. उघडपणे, अडथळा न येता २० वर्षं गेल्या की तेवढीच वहिवाट लागते, जाण्यायेण्याचा हक्क होतो." ते त्यांचं कामच होतं. पण ते ऐकल्यावर माझ्या मनात, निमिषभरच का होईना, आलं: बरं झालं. बरं झालं, पाठवतोय ते.

परतीच्या एसटीत मी ते दोन शब्द चघळत बसलो होतो. काम, क्रोध, लोभ. तिसरं दार एवढं सहज उघडतं, मुलीच्या हातात बॅटरी देता देता. त्या एसटीत प्रवचनकारांचं वाक्य मला पहिल्यांदा उपयोगी पडलं. कारण ते मी मला सांगत होतो. त्या रात्री मुलींना खिंडारातून पाठवू नये असंही वाटून गेलं, म्हणजे हेतू तरी साफ राहील. पण रस्त्याच्या वळशावर दिवे नाहीत आणि काकीला हेतूशी काय करायचंय? तिला उशाशी कुणीतरी श्वास घेताना ऐकू यायला हवं.

मुली जातातच. खिंडारातल्या दगडांवर यंदा शेवाळ धरलंय. वडील ८० चे झालेत, कप आता संध्याकाळीही घेऊन पडवीत बसतात आणि गडग्याकडे बघतात. काल रात्री नऊच्या सुमाराला धाकटी बॅटरी घेऊन निघाली, पाऊस भुरभुरत होता, आणि पडवीतून त्यांची हाक आली, "डावीकडसून जा गो, उजवीकडचो चिरो हालता."